पहिल्या सीडीचे सचिव

आमच्या गावात कार्टून सिनेमाचा शेवट हात वर करून ठरायचा. अस्वल कड्यावरून पडलं की वाचलं, मगरीनं राजवाडा सोडला की नाही, याचा निर्णय बहुमतानं व्हायचा, तो रजिस्टरात लिहिला जायचा आणि खाली शिक्का पडायचा. थट्टा करत नाही मी. त्यातल्या एका ठरावावर अनुमोदक म्हणून माझी सही आहे.

शिक्का मारणारे गृहस्थ म्हणजे भानुदास सचिव. लिंबागणेशच्या अलीकडच्या त्या गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर बदलून गेले, तेव्हा ते दूध संस्थेचे सचिव होते. म्हणजे संस्था बंद पडली होती, सचिव चालू होते. लागोपाठ दोन वर्षं पाऊस नाही, जनावरं चारा छावणीत, दूध आटलेलं. तरी हा माणूस रोज सकाळी पांढराशुभ्र शर्ट घालून संस्थेचं कुलूप काढायचा, रिकाम्या कॅनवरून फडकं फिरवायचा आणि बाहेर टँकरसाठी घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायकांना 'रांग, रांग' म्हणून दटावायचा. दुधाची असो की पाण्याची, त्यांना रांग लागायची.

सगळं जग ते फॅटवर मोजायचे. सरपंचाचं भाषण ऐकून आले की म्हणायचे, "फॅट लागली न्हाई." एकदा माझा तास खिडकीतून ऐकला आणि चावडीवर जाहीर करून टाकलं, "बाईंना साडेतीन." मी पंधरा दिवस त्यांच्याशी बोलले नाही. मग एका पालकानं सांगितलं की गाईच्या दुधाला साडेतीन फॅट लागली की ते पास होतं. तेव्हा कुठे मी नमस्काराला उत्तर द्यायला लागले.

संस्थेत एक रंगीत टीव्ही होता, पूर्वी कधी तरी चांगल्या दुधाबद्दल बक्षीस मिळालेला. सचिवांच्या मनात आलं, छावणी उठेपर्यंत ही खोली मोकळी ठेवण्यापेक्षा लेकरांसाठी सिनेमांची लायब्ररी काढावी. बीडला एक सीडीचं दुकान बंद होत होतं. सचिव तिथं गेले आणि कार्टूनच्या सीड्यांचं पोतं तपासायला बसले. प्रत्येक सीडी उन्हात धरून ओरखडा बघितला. त्यात त्यांच्या लक्षात आलं की दुकानदार लबाड आहे, एकच चित्र असलेल्या दोन-दोन सीड्या गळ्यात मारतोय. मग काय, सचिवांनी एक-एक डबल सीडी वेचून काढली, दुकानदाराच्या पुढ्यात टाकली आणि 'आमी काय येडे हाव का' असं म्हणून उरलेलं पोतं घेऊन आले. दुकानदारानं समजावलं असणारच. पण नमुने तपासताना सचिव कुणाचं ऐकत नसत.

एक सिनेमा दोन सीड्यांवर असतो हे त्यांना पहिल्या खेळाला कळलं. अस्वल एका हातानं कड्याला लटकलं, खाली दरी, वर लांडगे, आणि पडदा निळा. सगळी पोरं सचिवांकडे बघायला लागली. बीडचं दुकान तोवर कायमचं बंद झालं होतं. दुसरा कुणी असता तर टीव्ही बंद करून घरी गेला असता. सचिवांनी चष्मा लावला, रजिस्टर उघडलं आणि विचारलं, "पुढं काय करायचं, सूचना मांडा."

तिथून ते सुरू झालं. सूचक, अनुमोदक, बाजूनं किती, विरोधात किती. ठराव मांडला की त्यांचा एकच प्रश्न असायचा, "तारीख?" अस्वल राजा झालं, बरं, कोणत्या तारखेला? पोरं म्हणायची, शुक्रवारी. मग सचिव समाधानानं लिहायचे. बिनतारखेचा ठराव त्यांनी कधी घेतला नाही. आणि कोरम नसला तर सभा तहकूब. एकदा गोवराची साथ आली, तेव्हा ते अस्वल कोरमअभावी आठ दिवस कड्याला लटकून होतं. मगरीच्या सिनेमाला तर गावात दोन गट पडले. वरच्या आळीला मगर निवडून आणायची होती. ठराव पडला तेव्हा त्यांनी सभात्याग केला आणि जाताना दोघांच्या चपला नेल्या.

मला या प्रकाराचा राग यायचा. मी भाषेची शिक्षिका. 'मला आवडलेली गोष्ट' असा निबंध दिला की वह्यांत यायचं, 'शेवटी उंदराची बिनविरोध निवड झाली.' अहो, लिहिणाऱ्यानं काहीतरी शेवट लिहिलेला असतो ना! मी सचिवांना तसं सुनावलंही. ते शांतपणे म्हणाले, "त्यो हजर नव्हता सभेला."

त्यातच तो कोल्ह्याचा सिनेमा लागला. बर्फ पडतं, खायला काही उरत नाही, कोल्हा आणि कोल्हीण पिल्लाला म्हाताऱ्या सायाळीजवळ ठेवून डोंगरापलीकडे निघून जातात. पिल्लू बिळाच्या तोंडाशी उभं आहे, आणि सीडी संपते. एरवी गोंधळ घालणारी पोरं त्या दिवशी सूचना न मांडताच घरी गेली. त्या वर्षी दुष्काळानं निम्म्या गावाचे आई-बाप दसऱ्यालाच ऊसतोडीला, पश्चिमेकडच्या कारखान्यांवर गेले होते. पोरं आजी-आजोबांकडे. माझ्या वर्गातली सुरेखा तर रोज मधल्या सुट्टीत मोठ्या रस्त्याच्या फाट्यावर जाऊन उभी राहायची आणि दुपारच्या तासाला परत यायचीच नाही.

सचिवांनी सभा पुढे ढकलली. कारण दिलं नाही. मला मात्र संधी मिळाली. पुण्याच्या भावाला सांगून मी त्या सिनेमाची दुसरी सीडी मागवली आणि मोठ्या ऐटीत सचिवांच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, एकदा तरी पोरांना खरा शेवट बघू द्या.

"आधी नमुना तपासतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते वर्गात आले. वर्गाच्या आत मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. मुलांच्या बाकावर कसेबसे बसले, सीडी खिशातून काढली, रुमालानं पुसली.

"बाई, फॅट लई हाय. लेकरांना पचायचं न्हाई."

सिनेमात कोल्हा-कोल्हीण परत येत नाहीत. पिल्लू वाट बघून बघून मोठं होतं आणि एक दिवस एकटंच निघून जातं. मी म्हणाले, असू दे की, पोरांना खरं कळायला नको का? आणि यांचे आई-बाप तर येणारच आहेत.

सचिवांनी सीडी परत रुमालात गुंडाळली.

"उभ्या जन्मात मी कुणाला दुधात पाणी घालू दिलं न्हाई. सख्ख्या भावाचा कॅन वतून दिलता. पण ह्याच्यात घालावं लागतंय, बाई."

मग त्यांनी जे सांगितलं ते मोजकंच होतं. ते सहा वर्षांचे असताना आई-बाप कोयता घेऊन गेले. कधी येणार, हे कुणी सांगितलं नाही. चुलतीला विचारलं की म्हणायची, येतील की. म्हणून हे रोज फाट्यावर.

"मग बाप आला. बैलगाडीत आई दिसंना. म्हणला, मागच्या गाडीत हाय."

"मग?"

"मागची गाडी आली न्हाई."

आई तिकडे उसाच्या फडातच तापानं गेली होती. हे त्यांना दोन वर्षांनी शेजारणीच्या बोलण्यातून कळलं. मला माझ्या ऐटीची लाज वाटली. सीडी मी त्यांच्याकडेच ठेवली. त्यांनी ती दुधाच्या नमुन्यांच्या कपाटात घालून कुलूप लावलं.

पुढच्या सभेला मीही गेले. सुरेखानं सूचना मांडली, कोल्हा-कोल्हीण घरी येतात. तारीख? "उद्या." सगळे हात वर. आणि सचिवांनी आयुष्यात पहिल्यांदा बहुमत धुडकावलं.

"उद्या न्हाई. पाडव्याला. गुढीपाडव्याच्या आत ऊस संपत न्हाई."

पोरं चिडली. सचिवांनी दुरुस्ती वाचून दाखवली आणि अनुमोदक कोण म्हणून विचारलं. एकही हात वर येईना. सचिव पेन धरून माझ्याकडे बघत नव्हते, म्हणूनच मी हात वर केला. नाराज सभासदांनी आपापसात कुजबुज करून शेवटी मंजुरी दिली.

गंमत अशी की सुरेखा त्या दिवसापासून दुपारच्या तासाला बसायला लागली. रोज सकाळी मला विचारायची, पाडव्याला किती दिवस राहिले? मी फळ्याच्या कोपऱ्यात आकडा लिहायचे. फाट्यावर ती गेली नाही.

पाडव्याला सचिव रजिस्टर आणि शाईचं पॅड घेऊन फाट्यावर हजर. ठरावाची अंमलबजावणी बघायला आलोय, म्हणाले. तारीख चुकली तर सभासदांना तोंड काय दाखवणार, याची त्यांना खरोखर धास्ती होती. दुपारी ट्रक आले, भांडी, बाजल्या, शेळ्या, माणसं घेऊन. दुसऱ्या ट्रकमधून सुरेखाची आई उतरली. सुरेखा आधी माझ्यामागे लपली, मग धावली, आणि आईच्या पदराला धरून तिच्याशी भांडायला लागली. मागोमाग तिचा बाप शेळी उतरवत होता. सचिवांनी तिथंच ट्रकच्या फळीवर रजिस्टर ठेवून शिक्का मारला. कार्यवाही पूर्ण.

शेवटच्या ट्रकबरोबर मुकादम उतरला. आता मागं कुणी नाही, म्हणाला. सगळे बोचकी उचलून गावाकडे निघाले. मीही निघाले, तर सचिव तिथंच, रस्त्याकडे तोंड करून.

"सचिव, चला की."

"व्हा तुमी पुढं. जरा बघून येतो."

दर पाडव्याला ते असेच थांबतात, हे मला नंतर गावात कळलं. पण त्या दुपारीही मला कुणी सांगायची गरज नव्हती. मला त्या माणसाची फार माया आली. मी परत फिरले, त्यांच्या हातातलं रजिस्टर घेतलं आणि शेजारी उभी राहिले.

रस्त्याकडे बघतच ते म्हणाले, "बाई, दोघांचा कोरम व्हत न्हाई."

तरी आम्ही ऊन उतरेपर्यंत थांबलो.