राखणीचा डबा

विमानतळाच्या काउंटरवरच्या मुलीनं सगळ्यांना विचारते तसं सहज विचारलं, "काका, मोठ्या बॅगेत पॉवर बँक, बॅटरी असलं काही आहे का?" रखमाजींनी घाबरून खरं काय ते सांगून टाकलं. पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

बेडशाच्या रखमाजी आणि मुक्ताबाईंचा हा पहिलाच विमानप्रवास. लेक कोमल नागपुरात नांदत होती. तिच्या सासऱ्यांनी, केशवरावांनी, काटोलजवळ संत्र्याच्या बागेत नवं घर बांधलं होतं आणि उद्या त्याची वास्तुशांत होती. लग्नाला दोन वर्षं झाली, पण केशवरावांनी व्याह्यांकडे कधी काही मागितलं नव्हतं. यंदा पहिल्यांदाच, तेही संकोचत, फोनवर म्हणाले, "तुमचं ते डुकरं हाकलायचं यंत्र आणाल का? रानडुकरांनी नवी रोपं पार उपटून टाकलीत हो."

यंत्र म्हणजे पुतण्या पप्पूनं केलेला एक प्लास्टिकचा डबा. आत स्पीकर, पॉवर बँक, लाल-हिरव्या वायरी, आणि समोर काही हललं की जागा होणारा सेन्सर. शेतात डुक्कर शिरलं की डबा माणसाच्या आवाजात ओरडायचा. पप्पूनं त्यात आधी रखमाजींचा आवाज भरला होता. डुकरांनी तो निवांत ऐकत रताळ्याचा अर्धा वाफा संपवला. मग मुक्ताबाईंचा आवाज भरला, तेव्हापासून डुकरं डोंगर उतरून खाली आली नाहीत.

तो डबा टॉवेलात गुंडाळून मोठ्या बॅगेच्या तळाशी ठेवला होता. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "बॅटरीची वस्तू या बॅगेत चालत नाही. हातातल्या बॅगेत घ्या." रखमाजींनी तिथंच जमिनीवर बसून बॅग उपसली. धोतरं, लाडूंचा डबा, विहिणीचं लुगडं असं सगळं बाहेर काढून टॉवेलाचं गाठोडं खांद्यावरच्या पिशवीत कोंबलं. या गडबडीत डब्याचं बटण दाबलं गेलं, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

खरं तर पप्पूनं सकाळी गाडीतच त्यांना धास्ती घालून ठेवली होती. "काका, तितं एक शब्द तोंडातनं काढायचा न्हाई."

"कुटला?"

पप्पूनं काचा वर केल्या आणि हळूच तो शब्द सांगितला. "चेष्टेत जरी म्हनला, तरी आत टाकत्यात."

रखमाजींनी जन्मात तो शब्द दिवाळीशिवाय उच्चारला नव्हता. पण आता तो दातात सुपारीचं खांड अडकावं तसा अडकून बसला. कोणी काही विचारलं की आधी तोच जिभेवर यायचा. म्हणून होता होईल तो ते बोलणंच टाळत होते. दारावर नाव विचारलं तेव्हाही त्यांनी नुसतं आधार कार्ड पुढं केलं.

तपासणीच्या ठिकाणी मुक्ताबाईंना बायकांच्या रांगेत पाठवलं. छत्तीस वर्षांच्या संसारात एवढ्या परक्या मुलखात रखमाजी प्रथमच एकटे पडले.

"मोबाइल, लॅपटॉप, टॅबलेट, चार्जर, सब बाहर. अलग ट्रे में," जवान म्हणाला.

रखमाजींनी मोबाइल काढला. चार्जर काढला. जावई अमृतचा बेडशाला राहिलेला लॅपटॉप काढला. टॅबलेट म्हणाला म्हणून बीपीच्या गोळ्यांची पट्टी काढून तीही ट्रेमध्ये ठेवली. जवानानं ती उचलून त्यांच्या खिशात घातली.

"और कुछ इलेक्ट्रॉनिक?"

डब्यातल्या लाल-हिरव्या वायरी रखमाजींच्या डोळ्यांपुढं आल्या. डबा काढून दाखवावा, तर 'हे काय' म्हणून विचारतील. विचारलं की तोंडातून भलताच शब्द जाईल. त्यापेक्षा टॉवेलात आहे, तो टॉवेलातच राहू दे. त्यांनी मान हलवली आणि पिशवी पट्ट्यावर सोडली.

पिशवी यंत्रात गेली आणि पट्टा थांबला. थोडी मागं आली. पुन्हा आत गेली. पडद्यासमोर बसलेला माणूस पुढं वाकला, मग त्यानं शेजारच्याला खुणेनं बोलावलं. दोघंही पडद्याकडे बघत राहिले. गावात बातमी कशी पोचेल, केशवराव पाहुण्यांना काय सांगतील, कोमलला सासरी किती दिवस ऐकून घ्यावं लागेल, हे सगळं रखमाजींना एका क्षणात दिसलं.

"ये बैग किसका है?"

रखमाजींनी हात वर केला. एक करायचा तर घाबरून दोन्ही वर केले.

जवानानं पिशवी बाजूच्या टेबलावर नेली आणि गाठोडं बेतानं सोडलं. टॉवेल बाजूला झाला, डब्याला उजेड दिसला, त्याच्यासमोर जवानाचा हात हलला, आणि डबा खणखणीत आवाजात म्हणाला,

"कोन हाय रं तितं? हालू नगं जाग्यावरनं. आलेच कोयता घेऊन."

सगळी रांग जागच्या जागी थिजली. जवानानं एकदम हात मागं घेतला. तो हात पाहून डबा पुन्हा ओरडला. "कोन हाय रं तितं?"

"क्या बोल रही है?" जवानानं विचारलं.

रांगेतल्या एका गृहस्थानं नको तेवढ्या तत्परतेनं भाषांतर केलं. "सर, बोल रही है, हिलना मत. कोयता लेके आ रही हूँ."

तीन जवान धावत आले. इन्स्पेक्टर आले. सगळ्यांच्या नजरा कोयतावाल्या बाईला शोधू लागल्या. तेवढ्यात पलीकडच्या पडद्याआडून मुक्ताबाई बाहेर आल्या आणि दहा पावलांवर वाकून शांतपणे चपला घालू लागल्या. इकडे डबा गरजतच होता.

इन्स्पेक्टरांनी रखमाजींकडे रोखून पाहिलं. "ये आवाज़ किसकी है?"

रखमाजींची नजर मुक्ताबाईंकडे गेली.

"वो औरत आपके साथ है?"

मग रखमाजींनी जे केलं, ते का केलं, हे त्यांनी पुढं जन्मभर स्वतःला विचारलं. तेवढ्या क्षणी त्यांना फक्त पोलीस कोठडी दिसत होती. ते म्हणाले, "न्हाई सायेब. मी वळखत न्हाई त्या बाईला."

इन्स्पेक्टरांनी एका जवानाकरवी मुक्ताबाईंचा बोर्डिंग पास मागवला आणि दोघांचे पास शेजारी-शेजारी धरले. "सरनेम एक है. सीट भी बाजू-बाजू में है."

"आमच्या गावात समद्यांचं आडनाव येकच हाय," रखमाजी म्हणाले.

एव्हाना मुक्ताबाई टेबलाजवळ पोचल्या होत्या. त्यांनी डबा पाहिला, बंदुका पाहिल्या, नवऱ्याचा पांढरा चेहरा पाहिला. मग सरळ हात घालून बटण बंद केलं आणि इन्स्पेक्टरांना म्हणाल्या, "सायेब, डुक्कर. डुक्कर आता है रात को खेत में. ये वरडता है, डुक्कर पळता है." एवढ्यानं भागेना, तेव्हा त्यांनी दोन बोटं ओठांच्या कडांना सुळ्यांसारखी लावून दाखवली.

"सूअर?" इन्स्पेक्टर म्हणाले.

"व्हय, सूअर."

चौकशी वीस मिनिटं चालली. पॉवर बँक परत मिळाली. घरी जोडलेला डबा मात्र आत नेता येणार नाही, असं इन्स्पेक्टरांनी सांगितलं आणि तो ठेवून घेतला. नागपूरच्या विमानाची शेवटची हाक झाली, तेव्हा दोघं चपला फटफटवत दाराकडे पळाले.

विमान वर कधी गेलं आणि खाली कधी आलं, ते रखमाजींना कळलं नाही. आता भीती विमानाची नव्हती. आपण काय बोललो ते हिला कळलं तर, ही होती. मुक्ताबाई मात्र खिडकीतून ढग बघत म्हणत होत्या, "तुमी लय भ्यालता, व्हय ना? पर मी हाय न्हवं संगं." त्या मायेनं रखमाजींची भीती आणखीच वाढली.

संध्याकाळी सगळे बागेत उभे होते. डबा आला नाही म्हणताच केशवरावांचा चेहरा उतरला, पण "असू द्या हो" म्हणाले. बांधालगतच्या ओळीतली कलमं मुळांसकट उपटलेली होती आणि खुरांचे ठसे ताजे होते. पप्पूला फोन लावला, तर आवाज डब्यातल्या कार्डातच होता, दुसरीकडे कुठंच नव्हता.

अमृतनं तोड काढली. "मामी, आवाज मोबाइलवर परत भरू. स्पीकर माझ्याकडे आहे, तो झाडाला टांगता येईल."

मुक्ताबाईंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला. समोर व्याही, विहीण, जावई. त्या म्हणाल्या, "कोन हाय रं तितं." चहाला बोलवावं तसं. अमृतनं पुन्हा एकदा म्हणायला सांगितलं. दुसऱ्या खेपेला आवाज आणखी खाली गेला. तिसऱ्या खेपेला त्या लाजून हसल्या. "व्याह्यांम्होरं न्हाई जमायचं बाई."

सूर्य टेकला होता. केशवराव पाठमोरे होऊन एक पडलेलं कलम उगाच मातीत उभं करून बघत होते. त्यांची ती पाठ रखमाजींना बघवेना. हे कुणामुळं झालं, ते त्यांना ठाऊक होतं. आणि मुक्ताबाईंचा खरा आवाज कशानं बाहेर पडतो, हेही या जगात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्यांनी जावयाला खूण केली. "तुमी ते चालू ठेवा." मग बायकोपासून पाच हात लांब सरकून उभे राहिले.

"अगं, येक सांगायचं व्हतं. त्या सायबानं मला इचारलं, ही बाई तुमच्या संगं हाय का."

"मग?"

"मी म्हनलं, वळखत न्हाई."

मुक्ताबाईंना आधी ते समजलं नाही. मग समजलं. डोक्यावरचा पदर मागं घसरला. लग्नातला उखाणा सोडला, तर छत्तीस वर्षांत त्यांनी नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं नव्हतं. ते त्यांनी त्या संध्याकाळी घेतलं, एकदा नाही, सहा वेळा. त्याच्या मागंपुढं जे होतं ते ऐकून विहीणबाई कोमलचा हात धरून घरात गेल्या. पलीकडच्या शेतातले मजूर काम सोडून बांधावर आले. झाडांवरचे पक्षी उठले आणि अंधार पडेपर्यंत परत बसले नाहीत. अमृत शेवटपर्यंत मोबाइल धरून उभा राहिला, आणि रखमाजी मान खाली घालून उभे राहिले.

वास्तुशांत नीट पार पडली. बेडशाला परत येईपर्यंत मुक्ताबाई नवऱ्याशी बोलल्या नाहीत.

महिन्याभरानं केशवरावांचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "व्याही, एक डुक्कर फिरकलं नाही. शेजाऱ्यांनीपण तो आवाज मागून नेला, आता सगळ्या शिवारात लागतो. फक्त एक अडचण झाली हो. ज्याला त्याला एकच विचारायचं असतं, हा रखमाजी कोण? काय सांगू?"

रखमाजींनी स्वयंपाकघराकडे एकदा बघून घेतलं, आणि फोन तोंडाजवळ धरून हळू आवाजात म्हणाले,

"सांगा, डुकराचं नाव हाय."