काशीरामची चिमणी

माझ्या लग्नात नाना पेडणेकरांनी नवरीच्या आधी होमाकडे पाहिलं. झब्ब्याच्या खिशातून पोस्टकार्डाएवढा एक पुठ्ठा काढला, हात लांब करून डोळ्यांसमोर धरला आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "तीन नंबर! भटजी, समिधा ओल्या आहेत तुमच्या!"

नाना घाटकोपरला आमच्या समोरच्या दारात राहायचे आणि सरकारच्या धूर खात्यात निरीक्षक होते. त्या पुठ्ठ्यावर फिकट राखाडीपासून काळ्या कुळकुळीत रंगापर्यंत पाच छटा होत्या, मधोमध एक फट. फटीतून चिमणी बघायची, धूर कुठल्या छटेशी जुळतो ते बघायचं, तो नंबर. दोनच्या वर गेला की कारखान्याला नोटीस. पण नाना चिमणीवर थोडेच थांबणार! त्यांच्या बायकोचा, म्हणजे आमच्या वहिनींचा चहा, शेजाऱ्यांचे बनियन, माझे कानावरचे केस, सगळं त्या फटीतून जायचं. कोणी वाद घातला की म्हणायचे, "डोळ्याला विचारू नकोस, कार्डाला विचार."

रोज सकाळी आठला सूर्याकडे पाठ करून ते गच्चीवर उभे राहत. समोर कापड रंगवायचा एक कारखाना होता. त्याच्या बॉयलरवर काशीराम नावाचा मालवणी गडी कोळसा टाकायचा. नोटिसा जाऊनही चिमणी कायम चार नंबर. नाना खाली उतरून थेट बॉयलरपाशी जायचे.

"काशीराम, लेकराला भरवतात तसा घास घास भरव रे! गोण्या काय ओततोस?"

"सायबानू, कोळसो ओलो आसा. धूर काय माका इचारून भायर पडता? एक दिस तुमी फावडा धरा, मी कार्ड धरतंय."

झालं! नानांनी शर्ट काढला. कार्ड घेऊन गच्चीवर मला उभं केलं, कारण काशीरामच्या हाती सरकारी कार्ड देणं नियमात बसेना. तासभर चिमणीतून नुसता डांबरासारखा धूर. नाना परतले ते स्वतःच पाच नंबर होऊन. आणि त्या दिवशीच्या अहवालात त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, "नऊ ते दहा, चार नंबर. दोष निरीक्षकाचा."

असा सरकारी माणूस तुम्ही पाहिलाय? मी एकच पाहिला, आणि तो आमच्या मजल्यावर राहायचा!

त्यानंतर दोघांची गट्टी जमली. भांडत भांडत त्यांनी ती चिमणी वर्षभरात एक नंबरवर आणली. नानांनी इमारतीत पेढे वाटले. "बघून घे, असा हात घाटकोपरात दुसरा नाही," ते सांगत सुटले.

आणि मग कारखान्याला टाळं लागलं.

नाना तरी रोज आठला गच्चीवर. मी चेष्टेने म्हटलं, "नाना, शून्य नंबर! आणखी काय हवं तुम्हाला?"

ते हसले नाहीत. "बंद चुलीलाही शून्यच येतो रे. काशीरामच्या घरी काय नंबर असेल?"

दर रविवारी ते काशीरामला घेऊन भांडुप-मुलुंडचे कारखाने फिरू लागले. बगलेत रोजच्या धुराच्या नंबरांची नोंदवही. मालकांना ती उघडून दाखवायचे, "याचा हात बघा!" पण धूर निरीक्षकाने आणलेला माणूस आत घेणार कोण? सगळ्यांना तो हेर वाटायचा. नानांच्या शिफारशीनेच बिचाऱ्याची वाट लागत होती. हे लक्षात आलं तेव्हा नाना कारखान्याच्या फाटकाबाहेर, कोपऱ्यावर उभे राहू लागले. काशीराम एकटाच आत जायचा आणि मान हलवत बाहेर यायचा.

सात महिन्यांनी एका सकाळी वहिनींचा ओरडा ऐकून मी गच्चीवर धावलो. समोरचा कारखाना पुन्हा उघडला होता. थंड पडलेला बॉयलर पेटताना चिमणीने असा काळा लोट सोडला होता की दोरीवरच्या वहिनींच्या पांढऱ्या चादरींवर काजळी बसत होती.

"अहो, बघताय काय! चादरी गेल्या माझ्या!"

"जाऊ देत. मी धुतो," नाना म्हणाले. त्यांची नजर चिमणीवरून हलेना. "आमचा काशीराम आहे तो. पुन्हा कामावर लागला."

"नाना, कार्ड काढा!" मी ओरडलो. "पाच नंबर आहे, पाच!"

"कार्ड?" नानांनी दोन्ही हात झटकले. "घरीच राहिलं वाटतं."

आणि खिशातून डोकावणारा पुठ्ठ्याचा कोपरा त्यांनी अंगठ्याने हळूच आत दाबला.