अप्पांचं इंजिन आणि काकूंचं तोंड

नवरा अर्धांगवायूने आडवा, आणि बायको रोज संध्याकाळी त्याच्या खाटेशी उभी राहून त्याची अक्कल काढते. भिंतीपलीकडे बसून मी हे ऐकायचे.

"अहो इंजिनियर! पिस्टन सिलिंडरपेक्षा लांब काढलाय तुम्ही! उरलेला काय दोरीवर वाळत घालायचा?"

ह्या आमच्या शेजारच्या कुमुदकाकू. त्यांच्या आणि आमच्या दारामध्ये फक्त चपलांचं कपाट. हाडं मोजून घ्यावीत अशी काटकुळी बाई, पण आवाज जिना उतरून गेटपर्यंत जायचा. नोकरी सगळी एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर म्हणून झाली. म्हणजे दुसऱ्याने पेन्सिलीने काढलेलं ड्रॉइंग पारदर्शक कागदावर शाईने जसंच्या तसं उतरवायचं. नवरा, म्हणजे अप्पा, तिथेच ती ड्रॉइंग काढणारे ड्राफ्ट्समन. "ह्यांच्या रेघांवर रेघा ओढता ओढता अडकले," असं त्या लग्नाचं वर्णन करत.

'मापात' हा त्यांचा लाडका शब्द. भाजीवाला असो, वॉचमन असो, "मापात बोल" ठरलेलं. मी मढच्या कोळ्याची पोर. आई अजून पाटी घेऊन मासळी विकते. आमच्या अख्ख्या घरात पहिली पदवी माझी, आणि मला त्याचा माज आहे, लपवत नाही. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका कारखान्याचे हिशेब बघते. इथे राहायला आलो तेव्हा काकूंना मी मुद्दाम सांगितलं, "मी बी.कॉम. आहे."

"बरं," काकू म्हणाल्या. "कानस धरता येते?"

कानशीचं कारण असं. तरुणपणी अप्पांनी एका विज्ञान मासिकात 'घरच्या घरी वाफेचं इंजिन' अशी लेखमाला लिहिली होती, स्वतःच्या ड्रॉइंगसकट. हौशी वाचकांनी पितळ आणलं, भोकं पाडली, रविवार घालवले. एकाचंही इंजिन चाललं नाही. कुणीतरी मासिकाला विचारलं, लेखकाने स्वतः हे कधी बनवून पाहिलंय का? पाहिलं नव्हतं. अप्पांनी ते अंक माळ्यावर टाकले आणि घरात वाफेचा विषय बंद झाला. काकू म्हणायच्या, कुकरची शिट्टी झाली तरी ते उठून गॅलरीत जात.

अप्पा आडवे झाल्यावर काकूंनी माळ्यावरून तेच अंक काढले, स्वयंपाकाच्या ओट्याला पितळ घट्ट धरायचा लोखंडी शिकंजा बसवला आणि इंजिन बनवायला घेतलं. ज्या ओट्यावर पोळ्या, त्याच ओट्यावर पितळेचा कीस. कानस चालली की माझ्या दाढा शिवशिवायच्या. सोसायटीचे सेक्रेटरी समजवायला आले.

"काकू, आजारी माणसाला त्रास होतो ना ह्या आवाजाचा."

"तुम्हाला होतो की त्यांना? मापात सांगा."

ते परत आले नाहीत. माझी आई एकदा पापलेट द्यायला आली, दारात उभी राहून सगळं ऐकलंन आणि आत येऊन मला म्हणाली, "काय गो ही बाई! हिच्यापुढे आमचा मासळीबाजार म्हणजे भजनी मंडळ."

हसायला ठीक आहे. त्या घरात मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. अप्पांच्या पाठीला जखमा झालेल्या. लाळ गळायची. फिनेल आणि लघवीचा वास जिन्यापर्यंत यायचा. अशा माणसाला उद्देशून, "कुठल्या गाढवाने नोकरी दिली तुम्हाला!" मला चीड यायची.

लेथवरचं काम काकू माझ्या हाती आमच्या कारखान्यात पाठवायच्या. एकदा चाकाचे खांब करायला दिले. ड्रॉइंगमध्ये ते इतके ठेंगणे, की चाक खालच्या पट्टीलाच टेकणार. आमचा लेथवाला हसला आणि खांब उंच करून दिले. मी मोठ्या ऐटीत काकूंपुढे ठेवले.

काकूंनी मोजपट्टी लावली. "हे कुणी सांगितलं?"

"काकू, ड्रॉइंगच चुकलंय. म्हणून म्हटलं..."

"चुकलंय ते मला दिसतंय. डोळे आहेत अजून. ट्रेसर स्वतःच्या मनाने रेघ हलवत नाही, समजलं? ज्याने काढलं त्यानेच सुधारायचं, ही ड्रॉइंग ऑफिसची रीत. जा, ठेंगणे करून आण."

"मुद्दाम चुकीचे?"

"मुद्दाम."

म्हातारीचं डोकं फिरलंय, असं मी आईला स्वच्छ सांगितलं. तरी ठेंगणे खांब करून आणले आणि तमाशा बघायलाच थांबले. काकूंनी खाटेवर पाट ठेवला, त्यावर पट्टी, खांब, चाक, सगळं जोडलं. अप्पांचं तोंड भिंतीकडे. काकूंनी चाकाला बोट लावलं. खर्र करून चाक अडलं.

"अहो इंजिनियर! अडलं तुमचं चाक! आता काय, गादीत खड्डा खणू?"

अप्पांची मान हळूहळू वळली. चांगला डोळा चाकावर थांबला. कपाळावर आठी आली, अगदी साहेबी आठी. डावा हात चादरीवरून उठला, खांबाच्या टोकापाशी आला आणि त्याच्याही वर जाऊन थांबला.

"उ... उं..."

"काय? मापात बोला!"

"उंच," अप्पा म्हणाले.

काकूंनी पेन्सिल त्यांच्या मुठीत दिली, अंक समोर धरला. अप्पांनी जुन्या रेघेच्या वर एक वाकडी रेघ ओढली. त्यांना घाम फुटला होता. काकूंनी तो पदराने टिपला आणि स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग गेले. त्या नळ सोडून नुसत्याच उभ्या होत्या.

"डॉक्टर म्हणाले, बोलतं ठेवा," त्या नळाकडे बघत म्हणाल्या. "इतक्या वर्षांच्या संसारात बोलायला उरतं काय गं? जेवता का विचारलं, गप्प. लेकीचा फोन लावून दिला, गप्प. भिंतीकडे तोंड करून मरायची वाट बघत होते. पिस्टन लांब झालाय म्हटलं, तेव्हा पहिल्यांदा डोळे वटारले माझ्यावर."

"मग सगळ्या चुका तुम्हाला आधीच माहीत होत्या?"

"त्यांच्या हाताखाली जन्म गेला माझा. एकेक चूक पुरवून वापरतेय. सगळ्यात मोठी शेवटी ठेवलीय. वाफ आत जायचं भोकच भलत्या जागी काढलंय. ते पाडून दाखवलं ना, की अख्खं वाक्य बोलतील बघ. शिवी देतील मला. दिलेली नाही कधी."

ते भोक पाडायच्या आधीच अप्पा गेले. सकाळी काकू त्यांचं तोंड पुसायला गेल्या, तेव्हा अंग गार होतं.

तेराव्यानंतर मी गेले. खाट काढली होती, फरशीवर तेवढ्या जागेचा रंग वेगळा दिसत होता. इंजिन ओट्यावर होतं. पिस्टन बरोबर, खांब बरोबर, चाक बोटाने सरसर फिरत होतं. फक्त भोकाची प्लेट कोरी.

"काकू, नेते ही प्लेट. आमच्याकडे योग्य जागी भोक पाडून आणते. चालेल इंजिन."

काकूंनी प्लेट माझ्या हातातून काढून घेतली.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "त्या भोकावर आमचं बोलणं व्हायचंय अजून."