फ्रिजमधला पॉलिश पेपर

उल्काने दुधाचं करपलेलं पातेलं लख्ख घासून ओट्यावर उपडं घातलं, तेव्हा मधुकर खांबेटे फ्रिजमध्ये डोकं घालून उभे होते.

"अगं, इथली कार्डं कुठे गेली?"

"कसली कार्डं? तो पॉलिश पेपर होय! फार छान होता हो. तीन पातेली आणि कुकर घासून झाला."

मधुकररावांनी फ्रिजचं दार घट्ट धरलं. "उल्का, त्या एकेका कार्डावर हजारो अंडी होती! उद्या त्यांतून गांधीलमाश्या निघणार होत्या."

"गांधीलमाश्या? माझ्या कोथिंबिरीशेजारी?"

"टिंबाएवढ्या असतात. चावत नाहीत. भातावरच्या खोडकिड्याची अंडी संपवतात."

"मग तसं वर लिहून ठेवायचं ना! एवढे कीटकशास्त्रज्ञ तुम्ही!"

सिंकच्या कडेला एक कार्ड कोरडं उरलं होतं. तेही अर्धंच.

बख्शी का तालाब या गावच्या बावीस शेतकऱ्यांना मधुकररावांनी दोन महिने आर्जवं करून थोपवलं होतं. खोडकिड्याचा पतंग दिसला की फवारू नका, आधी मोजा, मग आपण मित्रकीटक सोडू. सगळे कबूल झाले होते, फक्त जयसिंग कुरकुरत होता. गेल्या वर्षी त्याला कार्डं दिली होती आणि "कुछ नहीं हुआ साहब" हे तो दर बैठकीत चारचौघांत ऐकवायचा. नवी कार्डं यायला आठवडा लागणार. आज रिकाम्या हाताने गेलं, तर बावीसच्या बावीस जण पंप पाठीला लावणार.

"मी येते," उल्का म्हणाली. "घासली मी, बोलणीही मीच खाते."

बांधावर जयसिंग पंप भरूनच उभा होता. मागे बायका बसल्या होत्या. मधुकररावांनी घसा खाकरला. "भाइयों, कुछ तकनीकी कारणों से..."

"भैया, कार्ड से मैंने बर्तन माँज दिए," उल्का म्हणाली.

बायकांतून जयसिंगच्या बायकोला, नीलमला हसू फुटलं. "अरे दीदी, हमने भी! पिछले साल वाले से तवा ऐसा चमका कि पूछो मत!"

सगळ्यांच्या माना जयसिंगकडे वळल्या.

"तुम तो कहते थे, खेत में बाँधे थे?" कुणीतरी विचारलं.

"हमने तो... इनसे कहा था बाँधने को," जयसिंग पुटपुटला. त्याने पंप हळूच पाठीवरून उतरवला.

आठवडाभर थांबायचं आणि रोज पतंग मोजायचे, असं एकमताने ठरलं. अर्धं कार्ड जयसिंगच्या शेतात लावायचं, हेही ठरलं. नीलमने त्याच्या पट्ट्या कापल्या आणि पानांच्या खालच्या बाजूला एकेक बांधायला घेतली. उल्का जागा दाखवत होती. आणि जयसिंग चिखलात उभा राहून दोघींना दोरा पुरवत होता.