जांभळीपर्यंत दोनशे पावलं

लग्नाचा ब्लाउज घालून नवरी मुलगी आरशासमोर उभी आहे, तिच्या पाठीवर माझ्या टाचण्या लागलेल्या आहेत, आणि पडद्याबाहेरून आवाज येतो, "सुलू, टेप घेऊन जरा भायेर ये गो. माझी कंबर आधी फिरते की खांदा, ता बघ."

हे आमचे तावडेकाका. वय अडुसष्ट, शेजारची खोली, मूलबाळ नाही, आणि डोक्यात एकच किडा. गोल्फचा चेंडू पहिल्या फटक्यात आणखी लांब कसा जाईल.

लालबागच्या चाळीचा आणि गोल्फचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. मीही विचारायचे. काका शहरातल्या एका जुन्या क्लबात नोकरीला होते. पस्तीस वर्षं सभासदांचे बूट पुसले, लॉकरच्या किल्ल्या सांभाळल्या. तिथे वर्षातून एका सोमवारी मैदान सभासदांना बंद ठेवतात आणि नोकरमाणसांना खेळायला देतात. निवृत्त झालेल्यांनाही बोलावणं असतं. त्या दिवशी एक स्पर्धा होते, सगळ्यात लांब कोण मारतो त्याची. माणशी एकच फटका. पहिल्याला प्रेशर कुकर. आता सांगा, वर्षाला एक फटका, आणि त्याच्यापायी बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस शेजाऱ्यांच्या डोक्याला ताप.

सकाळी सहाला गॅलरीत 'सुंई' असा आवाज येतो. निवृत्तीच्या दिवशी एका सभासदाने काकांना आपली जुनी काठी दिली. ड्रायव्हर म्हणतात तिला. टोकाला नारळाच्या करवंटीएवढं डोकं. त्या डोक्याला मालतीकाकूंनी, काकांच्या बायकोने, लाल लोकरीची टोपी विणून दिली होती. काका थंडीत स्वतः खोकत बसतील, पण काठीला टोपी हवी. सकाळी टोपी काढायची, काठी उलटी धरायची, हवेत फिरवायची आणि आवाज कुठे येतो ते ऐकायचं. "सुंई चेंडूच्या पुढे यायला हवी. आधी आली तर ताकद फुकट." मी एकदा वैतागून म्हटलं, काका, माझी झोपमोड होते त्याचं काय? तर अगदी मनापासून म्हणाले, "तू लवकर निजत जा."

त्यांची दोन ब्रह्मवाक्यं आहेत. एक, "कंबर आधी, हात मागून." आणि दुसरं, "घट्ट धरू नको." पहिलं सगळ्याला चालतं. लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत नाही? कंबर आधी, हात मागून. पाण्याची बादली उचलायची आहे? तेच. आमच्या ह्यांना एकदा कपाट सरकवताना हे ऐकवलं आणि ह्यांनी ते मनावर घेतलं, मग चार दिवस मी त्यांच्या कंबरेला तेल चोळत होते. दुसरं वाक्य त्याहून वाईट. माझी एक गिऱ्हाईक जिना चढताना पर्स छातीशी धरून येत होती. काका तिला म्हणाले, "बाई, घट्ट धरू नका, चिमणीचं पिल्लू धरल्यासारखी धरा. घट्ट धरलं की लांब जात नाय." ती बाई परत आली नाही. तिची दोन कापडं अजून माझ्याकडे पडून आहेत.

लांब म्हणजे किती लांब, हेही आमच्या सगळ्या मजल्याला पाठ आहे. दोनशे पावलं. मैदानात फटका मारायच्या जागेपासून दोनशे पावलांवर कडेला एक जांभळीचं झाड आहे, तिथपर्यंत चेंडू गेला पाहिजे. आम्हाला कळावं म्हणून काकांनी ते अंतर लालबागेत मोजून दिलंय. आपलं गेट ते मिरची गल्लीचं तोंड, बरोबर दोनशे. आणि काकांचा चेंडू पोचतो पिठाच्या चक्कीपर्यंत, म्हणजे एकशे साठ. चक्की ते मिरची गल्ली, ही चाळीस पावलं म्हणजे काकांच्या आयुष्याचं दुःख. संध्याकाळी गेटवर उभं राहून त्या तोंडाकडे बघत असतात. लोकांना वाटतं म्हातारा कुणाची तरी वाट बघतोय.

कुकरसाठी एवढं कोण करतं, म्हणून मी एकदा म्हटलं, "काका, मी देते तुम्हाला कुकर. पाच लिटरचा देते. पण हे बंद करा."

"कुकर आसा माझ्याकडे," ते म्हणाले. "माका जांभळीपर्यंत जावचा आसा."

"पण जांभळीपर्यंत जाऊन मिळणार काय? तिथे तर एकशे ऐंशीवालासुद्धा पहिला येतो म्हणता."

"पहिल्याचं काय घेऊन बसलीस," म्हणाले आणि टेप घेऊन गेले. माझी टेप. कापायला घेतलेलं कापड तसंच टेबलावर.

टेपचं तर विचारूच नका. दोन पायांत अंतर किती, चेंडू डाव्या टाचेपासून किती, खालच्या बारक्या काडीवर किती उंच ठेवला की वर उडतो, सगळं माझ्या टेपने. मापं लिहायची माझ्याच वहीत. त्यामुळे सौ. राणे, छाती छत्तीस, कंबर बत्तीस, याच्या खाली तावडे, टाच ते टाच बावीस, असं लिहिलेलं असतं. एकदा मी घाईघाईत राणेबाईंच्या परकराची उंची बावीस घेतली. त्या काय बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आणि काच. सरावाला काका भोकाभोकांचे प्लास्टिकचे चेंडू वापरतात, समोर जाड गोधडी टांगलेली असते. गोधडी मीच शिवून दिली, आपल्या हातांनी पायावर धोंडा पाडून घेतला. एका दुपारी त्यांना वाटलं, एकदाच खरा चेंडू मारून बघू. चेंडू गोधडीच्या कडेने निसटला, माझ्या खिडकीची काच फोडून आत आला आणि रेशमी कापडांच्या टोपलीत पडला. काका धावत आले. मला वाटलं, विचारतील, लागलं नाही ना गो. तर खिडकीकडे बघत म्हणाले, "वर चढत आला की सपाट?"

काच त्यांनी दुसऱ्या दिवशी बसवून दिली. पण मी आठवडाभर बोलले नाही.

खरं सांगायचं तर माझा राग काचेचा नव्हताच. तो त्याच्याही आधीचा. मालतीकाकूंचा.

त्या स्पर्धेत एक रीत आहे. चेंडू जिथे थांबेल तिथे नावाची लाकडी खुंटी ठोकायची, आणि ती ठोकायची खेळणाऱ्याच्या घरच्या माणसाने. घरची माणसं जांभळीच्या सावलीत बसतात, आपल्या माणसाचा चेंडू पडला की उठून जातात आणि खुंटी ठोकतात. काकांची खुंटी दरवर्षी काकूच ठोकायच्या. काका निवृत्त झाले त्याच सुमाराला काकूंचे गुडघे गेले. स्टुलावर बसून स्वयंपाक करायच्या. भाजी मी आणून द्यायचे. महिनोन् महिने खाली उतरायच्या नाहीत. फक्त त्या सोमवारी उतरायच्या. तीन मजले, कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत. मागून काका, खांद्यावर ती टोपीवाली काठी. मला बघवायचं नाही. मी एकदा काकूंना म्हटलंही, "कशाला जाता? सांगा ना त्यांना, नाही येत म्हणून."

काकू हसल्या. "त्यांची खुंटी मग कोण ठोकेल गो?"

चार वर्षं मी हे बघितलं. वाटायचं, काय माणूस आहे हा. बायकोला पाऊल टाकवत नाही आणि याला आपल्या काठीची पडलीय. काकू गेल्या, त्याला आता दोन वर्षं झाली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला 'सुंई' आवाज आला तेव्हा तर माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ह्यांना म्हटलं, दगड आहे हो माणूस, दगड.

गंमत म्हणजे त्या दोन वर्षांत काका स्पर्धेला गेलेच नाहीत. सराव मात्र दुप्पट. कंबर आधी, हात मागून, टेप दे, माप लिही. सोमवार यायचा आणि जायचा. मग माझी काच कशाला फोडली, असं विचारायचं माझ्या अगदी ओठांवर यायचं.

या वर्षी त्या सोमवारच्या चार दिवस आधी काका दारात येऊन उभे राहिले. टेप मागितली नाही. मशीन चालू होतं, ते थांबायची वाट बघत राहिले. ही गोष्ट इतकी नवी होती की मीच पाय थांबवला.

"काय हवंय?"

"सोमवारी तुका येळ आसा काय?"

"कशाला?"

"खुंटी ठोकूक."

मी म्हटलं, "त्याला घरचं माणूस लागतं ना? मी कुठे घरची?"

काकांनी थोडा विचार केला. "मजल्यावरची तर आहेस," म्हणाले.

नाही म्हणायला माझ्याकडे छप्पन्न कारणं होती. लग्नसराईचे नऊ ब्लाउज टेबलावर होते. शिवाय मनात जुना राग होताच. पण ते दारात असे काही उभे होते की माझ्या तोंडून हो निघून गेलं, आणि निघाल्यावर माझा मलाच राग आला. टॅक्सीत मी सबंध वेळ बाहेर बघत बसले. काका मांडीवरच्या काठीची टोपी सारखी करत होते.

एवढं मोठं गवताचं मैदान मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आपल्या इथे एवढ्या जागेत चार चाळी उठल्या असत्या. काकांनी मला जांभळीखाली नेलं. पिशवीतून एक चटई काढली, खालची काडीकाटकी हाताने बाजूला केली, बुंध्याला पाठ टेकेल अशी चटई अंथरली आणि म्हणाले, "हय बस. हय सावली हलत नाय." मग खुंटी आणि लाकडी हातोडी माझ्या हातात दिली. खुंटीवर तावडे असं लिहिलेलं, रंग जुना.

"चेंडू जिथे थांबेल तिथे जाऊन ठोक," ते म्हणाले. "तुला बरंच चालावं लागेल कदाचित."

मी फटकन बोलले, "माझे गुडघे ठीक आहेत, काका."

लागावं म्हणूनच बोलले होते. लागलंही. ते उभेच राहिले.

"हो. तुझे ठीक आहेत," म्हणाले. मग चटईच्या कडेकडे बघत बोलू लागले. "मी तिला किती सांगितलं, तू येऊ नको, मी नाव काढून घेतो. ऐकली नाय. म्हणाली, मी येणार. शेवटच्या वर्षी इथून चेंडूपर्यंत चाळीस पावलं होती. मधे दोनदा गवतात बसली ती. सगळे थांबले होते. मी तिकडून बघतोय, मला जागा सोडून जाता येत नाय. परत येताना टॅक्सीत मी तिला म्हटलं, तू आता उठायचं नाय. पुढल्या वर्षी मी चेंडू तुझ्या पायाशी आणून टाकतो."

एवढं बोलून ते काठी घेऊन निघाले. दोनशे पावलं चालत गेले आणि मी त्यांच्या पाठीकडे बघत बसले. मी त्यांना दगड म्हटलं होतं. सकाळी सहाची सुंई, टाच ते टाच बावीस, गेटवर उभं राहून मिरची गल्लीकडे बघणं, हे सगळं या चटईपर्यंत येण्यासाठी होतं आणि मी सहा वर्षं शेजारी राहून कुकरचा हिशोब करत बसले होते. मला माझीच लाज वाटली.

काकांचा नंबर आला. लांबून ते बोटाएवढे दिसत होते. टोपी काढून त्यांनी खिशात घातली. मी मनात म्हणत होते, काका, कंबर आधी, कंबर आधी. आजवर ज्या वाक्याचा उबग आला होता तेच जपासारखं म्हणत होते. काठी फिरली. चेंडू वर चढला, चांगला चढला, गवतावर आपटला, उड्या मारत जांभळीच्या दिशेने यायला लागला. मी हात पुढे करून बसले होते, जसा काही तो मांडीवरच येणार होता. मग तो मंद झाला आणि थांबला.

मी उठले. मोजत गेले. खुंटी ठोकली आणि तिथेच उभी राहिले.

काका आले. कुणाचा किती गेला, आपला नंबर कितवा, काही विचारलं नाही. खुंटीकडे बघितलं, चटईकडे बघितलं.

"किती चाललीस?"

"नऊ पावलं," मी म्हटलं. खोटं बोलायचं फार मनात आलं होतं, पण खुंटी समोर होती.

काका परत एकदा चटईकडे बघायला लागले. खिशातली लाल टोपी काढून हातात धरली होती, घट्ट.

"नऊ," ते म्हणाले. "नऊ पावलं चालली असती गो ती."