गुण किती आला?

बिडकीनजवळच्या त्या कंपनीत गुडघेदुखीचं नवं मलम तयार झालं होतं. ते गुडघ्यांवर चालतं का, एवढी किरकोळ बाब तेवढी सिद्ध व्हायची राहिली होती. मालक शिवराजसरांना त्याची गरज वाटत नव्हती, कारण डबीवर पळणारी आजी छापून झाली होती. पण संशोधनाला मदत देणारे दिल्लीचे पाहुणे येणार होते आणि त्यांना म्हणे आकडे लागतात. म्हणून सरांनी मेघाला सहा महिन्यांच्या करारावर नेमलं. मेघा संख्याशास्त्र शिकलेली होती, म्हणजे सरांच्या भाषेत ‘आकडेवाल्या मॅडम’. करार वाढणार की नाही, ते आकडे सरांच्या मनासारखे येतात का, यावर होतं.

मेघानं गावातल्या साठ बायका घेतल्या. तिसांना ‘ख’ डबी दिली, तिच्यात खरं मलम. तिसांना ‘क’ डबी, तिच्यात औषध नसलेलं साधं मलम. कुणाला कोणतं, ही यादी फक्त मेघाच्या कपाटात. “निम्म्या जणींना साधं मलम मिळणार, पण अभ्यास संपला की खरं सगळ्यांना,” असं तिनं आधीच सांगितलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि साधं मलम शेजारणीलाच मिळालं असणार, असं प्रत्येकीनं गृहीत धरलं. मग मेघानं स्वतः एकेकीला विचारलं, “दुखणं किती? शून्य म्हणजे दुखतच नाही, दहा म्हणजे सोसवत नाही.” सरासरी आली आठ.

दोन महिन्यांनी हाच प्रश्न पुन्हा विचारायचा होता. मेघानं तो जसाच्या तसा लिहिला. तो सरांच्या टेबलावर गेला आणि तिथं त्याचं नशीब फिरलं.

“‘दुखणं’ काय, ‘दुखणं’? कंपनीचा कागद आहे, जरा भारदस्त पाहिजे,” असं म्हणत सरांनी ते खोडलं आणि ‘वेदना-गुण (० ते १०) नोंदवावेत’ असं लिहून कागद परस्पर छापायला धाडला. ते गठ्ठे घेऊन पुंडलिक गावात गेला. पुंडलिक कंपनीचा जुना माणूस, फॉर्म भरण्यात पटाईत. ‘वेदना-गुण’ वाचून तो पहिल्याच दारात अडखळला. मग त्यानं आपल्या परीनं सोपं केलं आणि साठही दारांत खणखणीत आवाजात विचारलं, “मावशे, गुण किती आला? धापैकी सांग.”

भरलेले फॉर्म आले. ‘ख’वाल्या बायकांची सरासरी नऊ, ‘क’वाल्यांची दोन. म्हणजे खऱ्या मलमानं दुखणं वाढलं होतं आणि साध्या मलमानं पळवलं होतं. मेघानं यादी तीनदा तपासली. चौथ्यांदा तपासताना तिला रडू यायचं बाकी राहिलं.

“सर, कुठंतरी घोळ आहे. मला आठवडाभर द्या.”

“घोळ कसला? ग्रेट रिझल्ट आहे!” सर खुर्चीतून उठलेच. “आपल्या साध्या मलमात अशी ताकद आहे, हे जगात कुणाला माहीत होतं? आता औषधाचा खर्चच नाही. मलमातून औषध काढून टाकायचं, इनोव्हेशन म्हणतात ते हेच!”

थोर माणसं निर्णयाला वेळ लावत नाहीत. साधं मलम बाजारात आणायचं ठरलं. खऱ्या मलमाचा साठा नष्ट करायचा आणि गावातल्या ‘ख’ डब्याही परत आणायच्या, असा हुकूम सुटला. मेघानं अहवालावर सही करायची, ती पाहुण्यांसमोर, उद्या अकराला. नाही केली तर करार विसरायचा.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता पुंडलिकचा फोन आला. “मॅडम, बाया डब्या देईनात. भामाबाई तर लाटणं घिऊन मागं लागली. म्हन्ती, एवढा गुण आला आन् डबी काढून नेता व्हय?”

“काय आला?”

“गुण.”

“पुंडलिकमामा, फॉर्म भरताना तुम्ही काय विचारलं होतं?”

“तेच की. गुण किती आला.”

मेघानं कपाळावर हात मारला आणि तशीच सरांच्या केबिनमध्ये घुसली. “सर, आपण विचारलं दुखणं किती, त्यांनी सांगितलं आराम किती! सगळे आकडे उलटे आहेत. मी सही करणार नाही.”

“एका शब्दावरून कंपनी चालत नाही, मॅडम,” टाय नीट करत सर म्हणाले. “पुरावा आहे का?”

पुरावा नव्हता. अकरा वाजता पाहुणे आले, हारतुरे झाले, अहवाल टेबलावर आला. मेघा पेन हातात धरून नुसती बसून राहिली. तेवढ्यात फाटकावर गलका झाला. गावातून बायका आल्या होत्या.

“अभिनंदनाला आल्यात,” सर पाहुण्यांना म्हणाले आणि सगळे बाहेर गेले, मेघा पेन-अहवाल हातात घेऊनच.

“कशाचं आभिनंदन?” भामाबाई आपे रिक्षातून उतरत कडाडली. “आमच्या डब्या काहून नेता? उद्या ह्या बाकीच्यांच्याबी न्याल! कोसभर चालत आलोत आम्ही!”

मेघानं पाहिलं. काही बायका धुळीनं माखलेल्या पायांनी उभ्या होत्या, काही अजून दोन आप्यांमध्ये बसून गुडघे चोळत होत्या. ती धावत जाऊन यादी घेऊन आली. चालत आलेल्या एकवीसजणी. सगळ्या ‘ख’. रिक्षातून आलेल्या सतरा. त्यातल्या सोळा ‘क’. सतरावी भामाबाई, ‘ख’.

“मावशी, तुम्ही का नाही चालल्या?”

“जागा व्हती, मंग कशाला चालू?”

पाहुण्यांनी यादी हातात घेऊन एकदा बायकांकडे आणि एकदा सरांकडे पाहिलं. सर क्षणभरच गडबडले. “यालाच आम्ही फील्ड व्हॅलिडेशन म्हणतो,” ते म्हणाले. “मुद्दाम बोलावलं होतं. मेघा, खऱ्या मलमाचा अहवाल करा आणि सही करा.”

रिक्षातल्या एकीनं विचारलं, “बाई, मंग आमच्या डबीत काय व्हतं?”

मेघाला खोटं बोलवेना. “औषध नव्हतं, मावशी.”

“दोन म्हैने काय चोळलं मंग आम्ही?” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचंच मेघाला फार वाईट वाटलं.

“सर,” मेघानं पेनाला टोपण लावलं. “आधी यांच्या डब्या, मग सही.”

“उद्या पाठवू.”

“मग सहीही उद्या.”

पाहुण्यांची गाडी फाटकाशी सुरू होती. पुंडलिक अजून गावातच लपून बसला होता. पाहुण्यांदेखत सरांनी गोदामातून खऱ्या मलमाच्या तीस डब्यांचं खोकं स्वतः उचललं, हसत हसत रिक्षापर्यंत नेलं, खाली ठेवायला वाकले आणि तसेच वाकलेले राहिले.

“मेघा,” ते जमिनीकडे बघत कण्हले, “हे मलम कमरेला चालतं का गं?”

“कमरेवर आपला अभ्यास नाही, सर,” मेघा अहवालात ‘साधं’च्या जागी ‘खरं’ लिहून सही करत म्हणाली. “नाव लिहून घेते तुमचं. पण ‘क’ मिळेल की ‘ख’, ते काही सांगता येणार नाही.”