डक्टचा अंदाज आणि आगीचा बंब

लेनर्ड हुडाकला ठकवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. हे मत खुद्द लेनर्डचंच, आणि ते तो कोणी न विचारता सांगायचा. उभी हयात काचेच्या कारखान्यात गेलेली, त्यामुळे पत्रा, नळ्या, भट्टी यांत आपल्याला शिकवणारा कोणी नाही, असा त्याचा पक्का समज होता.

यंदा मात्र गाठ पडली ती घरातल्या डक्टशी. तळघरातल्या भट्टीची ऊब हिवाळ्यात आणि गार हवा उन्हाळ्यात खोल्याखोल्यांत पोचवणाऱ्या पत्र्याच्या त्या नळ्या त्याच्या लग्नाआधीच्या. त्या बदल, असं त्याची बायको डॉली कधीपासून सांगत होती. घरात तिचं डोकं ठणकायचं, मळमळायचं. शेवटी ती ईरी शहरात बहिणीकडे राहायला गेली आणि तिथून फोनवर म्हणाली, "लेनी, इथे आल्यापासून माझं डोकं एकदाही दुखलं नाही बघ."

ती सहज बोलली, पण लेनर्डच्या काळजात ते रुतून बसलं. बायकोची डोकेदुखी आपल्यापासून लांब गेल्यावरच थांबते, याचा अर्थ माणसाने काय घ्यायचा? त्याने नको तोच घेतला. रोज रात्री डब्यातलं सूप गरम करताना त्याला वाटायचं, ही आता काही परत येत नाही. निदान डक्ट तरी बदलावेत, मग तिला यायला काही निमित्त मिळेल.

अशा कामाला तीन जणांकडून भाव घ्यायचे, ही आमच्याकडची रीत. पहिला आला तो चकचकीत बूट घालून. "मिसेस हुडाक कुठे आहेत? नवरा-बायको दोघं समोर असल्याशिवाय आम्ही आकडा सांगत नाही."

"ती नाहीये."

"मग कधी येतील?"

हे लेनर्डला ठाऊक असतं तर याला बोलावलं असतं कशाला? त्याने त्याला दार दाखवलं. दुसऱ्याने फोनवरच अठरा हजार डॉलर सांगितले. "चांदीचे बसवणार आहेस का?" असं विचारून लेनर्डने फोन आपटला.

तिसरा गावातलाच, चेट विटको. तो शुक्रवारी दुपारी एक मशीन घेऊन आला. "न बघता भाव सांगणं मला जमत नाही. नळ्यांत धूर सोडतो, गळती कुठे आहे ती दिसेल. नाटकात सोडतात तसला धूर आहे, अपाय काही नाही."

"आणि त्याचे पैसे?"

"धूर फुकट, मिस्टर हुडाक."

फुकट म्हटल्यावर लेनर्डची हरकत संपली. चेटने भट्टी बंद करून मशीन सुरू केलं. धूर खोल्यांतल्या हवेच्या जाळ्यांतून हळूच डोकवायला हवा होता, पण तो जिन्याखालून आला, कपाटातून आला, भिंतींच्या फटींतून आला आणि छपराच्या कडेने बाहेर पडला. समोरच्या अर्मा पावलिकबाई पडद्याआडून साऱ्या गल्लीचा कारभार बघतात. त्यांनी तो पाहिला आणि फोन उचलला.

इकडे चेटच्या कमरेचा पेजर किंचाळला. आमच्या गावात बंबावर पगारी माणसं नाहीत. ज्याला जमेल तो आपलं काम टाकून धावतो. चेटही त्यातलाच. पेजर वाजला की आधी पळायचं, पत्ता बंबात बसल्यावर ऐकायचा, ही त्याची जुनी सवय. "आलोच," म्हणून तो पसार झाला.

"अरे, हे बंद कसं करायचं?" लेनर्ड ओरडला, तोवर गाडी कोपऱ्यावरून वळली होती. त्याने एक बटण दाबलं. धूर दुप्पट झाला. त्याने खिडक्या उघडल्या, तेव्हा अर्माबाईंनी दुसरा फोन केला आणि या वेळी ज्वाळाही दिसत असल्याचं सांगितलं.

ईस्टरआधीच्या उपासाचा शुक्रवार होता, म्हणजे मांस वर्ज्य, मासे चालतात. बंबवाले दर वर्षीप्रमाणे बंबाच्या शेडमध्ये गावासाठी मासे तळत होते. ते पिठाने माखलेल्या हातांनीच निघाले. मागोमाग माशांसाठी उभं असलेलं अर्धं गाव निघालं आणि नंबर जाऊ नये म्हणून रांगेतच चालत आलं.

बंबातून पहिला उतरला तो चेट, डोक्यावर हेल्मेट आणि हातात कुऱ्हाड. घर पाहून त्याचे पाय जरा अडखळले. तरी त्याने विचारलंच, "मिस्टर हुडाक, आत कोणी अडकलंय का?"

"तुझं मशीन अडकलंय, गाढवा!"

रांगेत हशा पिकला. चेट मान खाली घालून आत गेला आणि मशीन बंद करून आला. बंबाची प्रमुख बर्निस एरवी शाळेची बस चालवते. हसण्यात तीही होती, पण परत जायला तयार नव्हती.

"बंब आला की घर तपासूनच जातो."

"अगं, पण आग नाहीये."

"ते तू मला नाही सांगायचं. मी तुला सांगायचं."

तिने धूर निवळू दिला, मग भट्टी सुरू करायला लावली आणि वायू मोजायचं यंत्र घेऊन तळघरात उतरली. यंत्र असं किंचाळलं की अंगणातल्या रांगेनेही ऐकलं. बर्निसचं हसू मावळलं. "भट्टी बंद. सगळे बाहेर चला."

चेटने खाली वाकून पाहून घेतलं होतं. "घरातली हवा परत आणणारी नळी भट्टीपाशीच फाटलीय. धुराड्यातून बाहेर जायचा विषारी वायू ती ओढून घेते आणि घरभर फिरवते. तुमचं डोकं दुखतं का हो?"

"दुखतं. मला वाटलं, भाव ऐकून दुखतंय."

"आणि मिसेस हुडाकचं?"

"ईरीला गेल्यापासून नाही दुखत," लेनर्ड म्हणाला.

"वायूचा अलार्म कुठे आहे घरातला?" बर्निसने विचारलं.

"खणात. उगाच बोंबलायचा, म्हणून सेल काढून ठेवले."

बर्निस शाळेच्या पोरांवर रोखते तसे डोळे रोखून त्याच्याकडे बघत राहिली. अठरा हजारांना हसणारा तो शहाणा माणूस कसल्या हवेत झोपत होता आणि बायकोला कसल्या हवेत परत बोलावणार होता, ते आता त्याला उमगलं. तेवढ्यात अर्माबाई माशांची बशी घेऊन आल्या. त्याने बशीऐवजी त्यांचा हातच धरला.

"बाई, तुम्ही चोंबडेपणा केलात म्हणून मी वाचलो. फार उपकार झाले."

"त्याला शेजारधर्म म्हणतात," अर्माबाई म्हणाल्या, पण हात त्यांनी सोडवून घेतला नाही.

चेटने घाबरत घाबरत आकडा सांगितला. तो काही कमी नव्हता. पण बटाट्यांच्या पोत्यावर तासभर हुज्जत घालणाऱ्या लेनर्डने मुकाट्याने सही केली आणि गाढव म्हटल्याबद्दल चेटची माफीही मागितली. मग अंगणात उभ्या उभ्याच त्याने ईरीला फोन लावून सगळं सांगितलं.

"डॉली, तुझं डोकं माझ्यामुळे दुखत नव्हतं गं. नळी फाटली होती. बर्निसच्या यंत्रात दिसलंय."

पलीकडे डॉलीने हुंदका आवरला. "तू बरा आहेस ना?"

"बरा आहे. मग येशील ना तू?"

"वेडा कुठला. येणारच होते मी. पण आता आधी डक्ट बदल." डॉलीने नाक पुसलं. "नव्या डक्टनंतरही माझं डोकं दुखलं ना, लेनी, तर मग ते कशामुळे, यात काही शंकाच उरणार नाही."